परसात येणाऱ्या गाणाऱ्या पक्ष्यांना घरचं काय खायला घालता येईल? (कबुतरं सोडून!)

रानजाई

नमस्कार मंडळी,

आम्ही हल्लीच मुलुंड पूर्वेला एका जुन्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायला आलोय आणि मागे चक्क अंगण आहे. अंगण म्हणजे काय, दोन खाटा टाकल्या की संपलं, पण मुंबईत तेवढंसुद्धा कोणाला सांगितलं की लगेच भाडं किती विचारतात. एक कढीपत्ता, एक पपई, कंपाउंडच्या भिंतीवर घाणेरी माजलेली, आणि पलीकडे मोकळी जागा असल्यामुळे पक्षी भरपूर. लालबुड्या बुलबुलांची जोडी आहे, शिंपी आहे, एक जांभळा शिंजीर घाणेरीला उलटा लटकलेला असतो, आणि दयाळ तर पहाटे साडेचारला सुरू होतो. नवरा डोक्यावर उशी घेतो आणि मी खिडकी उघडते अशी परिस्थिती.

तर ह्यांना घरी बनवून काय घालता येईल? युट्यूबवर शोधलं तर सगळे व्हिडिओ परदेशातले, चरबी वितळवून त्यात दाणे-बिया घालून वड्या पाडतात आणि झाडाला टांगतात. ते बघून सासूबाई म्हणाल्या त्यात काय एवढं, आपण बाजरीच्या पिठाचे तूप घालून लाडू वळू. अंडं आमच्या घरात येत नाही हे आधीच सांगते. आणि कबुतरं नकोत म्हणजे नकोत, बिल्डिंगमध्ये त्यावरून आधीच एक महाभारत होऊन गेलंय. कोणी करतं का असं काही?

गिरगावचा_गण्या

तुपातले लाडू? ताई पत्ता टाका, आम्हीच येऊन गातो.

पाणकावळा

रानजाई, लाडवाची कल्पना चांगली आहे पण त्यातून तूप काढा आणि बाजरीपण काढा. (मग उरलं काय असं सासूबाई विचारतील, ते पुढे सांगतो.)

त्या चरबीच्या वड्या थंड देशातल्या. तिकडे हिवाळ्यात एवढ्याशा जिवाला रात्रभर अंग गरम ठेवण्यातच सगळी ताकद घालवावी लागते म्हणून चरबी. आपल्याकडे जानेवारीत पारा पंधरा-सोळावर आला की आपण स्वेटर शोधतो, पक्ष्यांना त्याचं काही वाटत नाही. आणि एप्रिल-मेमध्ये मुंबईत तूप बरणीतच पातळ असतं, बाहेर टांगलेल्या लाडवाची काय अवस्था होईल बघा. पातळ झालेलं तूप पिसांना लागलं की पिसं चिकटतात, मग पाणी अडत नाही, उडायला त्रास, शिवाय खवट होणार, मुंग्या लागणार ते वेगळंच.

आता बाजरीचं. तुम्ही जी यादी दिलीत त्यातला एकही पक्षी मुख्यतः दाणे खाणारा नाहीये! दयाळ आणि शिंपी किडे खातात. बुलबुल फळं आणि किडे. शिंजीर फुलातला मध आणि त्याबरोबर कोळी, बारीक किडे. दाणे खातात चिमण्या, मुनिया, होले आणि कबुतरं. म्हणजे बाजरीचा लाडू टांगलात तर येणार कोण, तर ज्यांना तुम्हाला बोलवायचंच नाही ते.

लोक गाणारे पक्षी हवेत म्हणून बाल्कनीत दाणे टाकतात, कबुतरं येतात, मग दयाळ येत नाही म्हणून अजून दाणे टाकतात. हे मी इतक्या घरांत बघितलंय की आता हसू येतं.

चाळकरी_काका

पाणकावळासाहेब, तुमचं शास्त्र मान्य, पण आमच्या चाळीत कॉमन गॅलरीत आजी रोज तांदूळ निवडताना कणी बाजूला काढायची आणि कठड्यावर टाकायची, चिमण्यांचा नुसता कल्ला असायचा, तेव्हा कोणी कबुतराच्या नावाने बोटं मोडत नव्हतं. एक घास चिऊचा एक घास काऊचा करत आम्ही जेवलो. मुक्या जिवाला दाणा घालण्यात पुण्य आहे असं मानणारी माणसं आहोत आम्ही. आता दाणा टाकायचा म्हटलं तर आधी सोसायटीची एनओसी आणायची का?

डक्टवाली

काका, मनापासून आदर ठेवून सांगते. माझ्या बेडरूमच्या बाहेर डक्ट आहे आणि वरच्या मजल्यावरच्या एका कुटुंबाची अशीच श्रद्धा आहे, रोज वाटीभर ज्वारी. दाणे घरंगळून येतात ते माझ्या एसीच्या आउटडोअर युनिटवर, मागून कबुतरं, त्यामागून विष्ठा आणि पिसं. माझ्या आईला खोकला सुरू झाला तो थांबेचना, शेवटी छातीच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, घराजवळ कबुतरं आहेत का. त्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून जाऊन फुप्फुसाला ॲलर्जीची सूज येते आणि ते वर्षानुवर्षं चाललं तर फुप्फुस कायमचं कडक होऊ शकतं. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्री टाकून बंद केला तेव्हा किती भांडणं झाली आठवतंय ना, कोर्टापर्यंत गेलं प्रकरण. दोन्हीकडची माणसं आपल्या परीने खरीच बोलत होती, पण माझ्या आईची छाती काही श्रद्धेने बरी होत नाही हो.

चाळकरी_काका

आईंना आराम पडो. तुमचं म्हणणं समजलं. पण मग चिमण्यांनी काय करायचं ते पण सांगा कोणीतरी.

मालवणी_मुनिया

काका मी सांगतंय! आमच्याकडे गावाला दसऱ्याला नवं बांधतात दाराला, भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं वगैरे. ते नवं बांधलं की दुसऱ्या दिवसापासून चिमण्या त्याला लोंबकळून एक एक दाणा सोलून खायच्या, खाली उंबऱ्यावर नुसता तुसांचा सडा. आजी म्हणायची देवाचं आणि चिमणीचं एकदमच होतं. आणि कबुतराला तिथे काही करताच येत नाही, कारण त्याला बसायला सपाट जागा लागते, हलत्या लोंबीला धरून लटकायचं हे त्याच्या वजनाला जमत नाही.

मी आता कांजूरला राहते, दसऱ्याच्या आसपास दादरच्या फूलबाजारात झेंडूबरोबर भाताच्या लोंब्या मिळतात, चार-पाच जुड्या जास्तीच्या आणते, सुतळीने घट्ट बांधते आणि खिडकीच्या ग्रिलच्या बाहेर न टांगता आतल्या बाजूला टांगते, म्हणजे खालच्यांच्या अंगावर तूस पडत नाही आणि चिमण्या ग्रिलमधून आरामात आत येतात.

पाणकावळा

वा! ह्याहून चांगला फीडर कुठल्या दुकानात मिळणार नाही. कबुतरं वाकून खालच्या लोंब्या ओढतात कधी कधी, तेवढं उंचीचं बघायचं.

लोंब्या नसतील तेव्हा काका, दीड इंचाच्या चौकोनाची वेल्डमेश जाळी मिळते हार्डवेअरवाल्याकडे, तिचा पिंजरा करून आत छोटी वाटी ठेवायची. चिमणी आत जाते, साळुंकी आणि कबुतर बाहेर. वाटी जाळीपासून चांगली लांब हवी, नाहीतर मान घालून पोचतात. आत राळे, बाजरी, तांदळाची कणी. मूठभर नाही, चिमूटभर. संध्याकाळी वाटीत दाणा उरला नाही पाहिजे असा हिशोब ठेवायचा.

आणि अजून एक, चिमणी दाणे खाते हे अर्धंच खरं. पिल्लं घरट्यात असतात तेव्हा ती त्यांना अळ्या आणि किडेच भरवते. सोसायटीत महिन्याला फवारणी करायची, भिंतीत एक फट ठेवायची नाही, आणि मग कणी टाकून चिमण्या का येत नाहीत विचारायचं. घरट्याची पेटी लावणार असाल तर भोक बत्तीस मिलिमीटरचं ठेवा म्हणजे साळुंकी शिरत नाही.

निमा_ठाकुर्ली

कच्चा तांदूळ पक्ष्यांच्या पोटात फुगतो आणि ते मरतात असं व्हॉट्सॲपवर आलं होतं?

मालवणी_मुनिया

मग भातशेतीत एक पक्षी जिवंत राहिला नसता गो. गोफण घेऊन हाकलायला बसायला लागतं आम्हाला. 😄 कच्चा चालतो, शिजलेलापण चालतो, फक्त मीठ नको आणि फोडणीचा नको.

रानजाई

खूप छान माहिती येतेय. म्हणजे माझ्या पाहुण्यांसाठी फळं आणि किडे. फळं समजली, किडे मी घरी कसे बनवू?? सासूबाईंना काय सांगू?

कंपोस्टकर

इथे माझा प्रवेश! ताई, घरात ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट करता का? नसाल तर एक जुनी बादली घ्या, तळाला भोकं, ओला कचरा आणि सुकी पानं, वर माती. मुंबईच्या हवेत थोड्याच दिवसांत त्यात करड्या-तपकिरी जाडसर अळ्या होतात, ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या. बघून किळस येते पण त्या माशीचा आपल्याला काही उपद्रव नाही, ती अन्नावर येऊन बसत नाही. दयाळासाठी ह्यापेक्षा मोठी मेजवानी नाही. मी बोरिवलीला राहतो, बादली उपसायला घेतली की दयाळ दोन हातांवर कठड्यावर येऊन शेपटी वरखाली करत बसतो, आधी नर, मग मादी. मी खुरप्याने वरचा थर नुसता पसरवतो आणि बाजूला होतो. वेगळं काही वाढायचंच नाही.

घरात बनवलेलं, शाकाहारी घरातल्या कचऱ्यावर वाढलेलं, आणि सासूबाईंना दाखवायची गरज नाही.

शिंप्यासाठी मात्र एकच उपाय, फवारणी बंद. कढीपत्त्यावर, लिंबावर फुलपाखराच्या अळ्या येतात त्या राहू द्या. चार पानं खाल्ली जातील. शिंपी येऊन एक एक पान उलटंपालटं करून तपासतो आणि त्याला तुमच्या वाटीत काडीचा रस नाही.

रानजाई

दयाळाची शेपटी वरखाली 😍 अगदी तस्संच करतो. कंपोस्टची बादली उद्याच. फळांचं कोणी सांगेल का डिटेलमध्ये?

फळवाली_मावशी_नव्हे

मी करते गेली बरीच वर्षं, विलेपार्ल्याला. पपई, केळं, चिकू, पेरू, आंब्याची कोय (कोय तर फारच आवडते, गर राहू द्यायचा थोडा). पिकलेलं घ्यायचं पण आंबलेलं नाही. फळाचा अर्धा भाग सालीसकट फांदीच्या टोकावर खोचायचा किंवा तारेच्या हुकाला अडकवायचा, ताटलीत ठेवायचं नाही, ताटली म्हणजे पुन्हा सपाट जागा आली. बुलबुल येतात, तांबट येतो, कोकिळा येते आणि कावळ्याने पाहिलं की ओरडाआरडा करून निघून जाते. माझ्याकडे एकदा हळद्या आला होता चिकूवर, अख्ख्या बिल्डिंगला फोन करून बोलावलं मी.

आता महत्त्वाचं. सूर्य मावळायच्या आत सगळं उचलायचं. नाहीतर रात्री वटवाघळं येतात, ती बिचारी खाऊन जातात त्याचं काही नाही, पण खाली सांडलेल्यावर उंदीर येतात, आणि तळमजला, पावसाळा, उंदीर ह्याचा मुंबईत एकच अर्थ, लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप). अंगणात अनवाणी फिरत असाल तर जास्तच सांभाळा.

बोक्याची_आई

तळमजला आहे म्हणजे मांजरं असणारच. फळ पाच-सहा फुटांवर लावा आणि त्याच्या अगदी खाली झुडूप ठेवू नका, आमचा बोका अशा झुडपात तासन् तास दबा धरून बसायचा. पण थोड्या अंतरावर दाट झुडूप हवंच कारण शिक्रा आला की पक्ष्यांना लपायला जागा लागते. घाणेरी आहे तुमच्याकडे, ती काढू नका.

रानजाई

घाणेरी काढायचीच असं मालक म्हणतायत! त्यांना शिंजीर दाखवते.

शर्करावगुंठित

शिंजीरवरून आठवलं, आम्ही साखरेचं पाणी ठेवतो लाल बाटलीत, येतात की मस्त. एक वाटी साखर, चार वाट्या पाणी, थोडा खायचा लाल रंग, कधी साखरेऐवजी मध. कृती सोप्पी आहे.

पाणकावळा

एकास चार हे प्रमाण बरोबर आहे. रंग मात्र बंद करा, त्याची काही गरजच नाही, बाटलीचं झाकण लाल असलं तरी पुरे. मध नको कारण पाण्यात कालवलेल्या मधावर बुरशी आणि यीस्ट फार लवकर वाढतं. गूळ तर नकोच.

पण माझं प्रामाणिक मत विचाराल तर मुंबईत साखरपाणी ठेवूच नये. उन्हाळ्यात सकाळी भरलेलं पाणी दुपारपर्यंत आंबायला लागतं. दिवसातून दोनदा धुऊन भरणार असाल तर ठेवा, नाहीतर तीच बाटली पक्ष्याला आजारी पाडते. पहिला आठवडा सगळे धुतात. नंतर मुलांच्या परीक्षा येतात, लग्नं येतात.

त्याऐवजी फुलं लावा. रुसेलिया, हमेलिया, एक्झोरा, जास्वंद, शंकासुर. जागा असेल तर शेवगा, त्याच्या फुलांवर शिंजीर तुटून पडतात आणि शेंगा तुम्हाला. केळ लावलीत तर केळफुलातला मध. झाडाची बाटली आपोआप धुतली जाते.

शर्करावगुंठित

आम्ही दोनदा धुतो हो, सासरे रिटायर्ड आहेत. 😄 रंग बंद करतो आजपासून.

तर्कट

एवढा सगळा उपद्व्याप कशासाठी हा मूळ प्रश्न कोणी विचारतच नाहीये. जंगली पक्ष्याला माणसाने खायला घालू नये. एका ठिकाणी गर्दी झाली की रोग पसरतात, साल्मोनेला वगैरे, पक्षी आयतं खायला शिकतात, पिल्लांना शिकवत नाहीत. तुमची हौस आहे, पक्ष्याची गरज नाही. झाडं लावा आणि गप्प बसा.

फळवाली_मावशी_नव्हे

हौस आहे हे बरोबर, नाही कोण म्हणतंय.

पाणकावळा

तर्कट, रोगाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणूनच भांडं एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी ह्या द्रावणात बुडवून, खळखळून धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून मगच परत लावायचं, निदान आठवड्याला एकदा, पावसाळ्यात एक दिवसाआड. पिसं फुगवून सुस्त बसलेला, डोळे चिकटलेला पक्षी दिसला तर खाणं तिथेच थांबवायचं आणि दोन आठवडे काही ठेवायचं नाही म्हणजे गर्दी पांगते.

पण आयतं खायला शिकतात हे पटत नाही. बुलबुलाच्या पोटात दिवसभरात जे जातं त्यातला तुमच्या पपईचा वाटा थोडासा. तो तुमच्याकडे तोंड गोड करून वड-उंबरावर जातोच. तुम्ही दिवाळीला गावी गेलात तर तो उपाशी बसणार नाही. झाडं लावा हे मात्र अगदी खरं, आणि त्यात एक भर घालतो, रानजाईंचा कढीपत्ता फुलू द्या, छाटू नका. पावसाच्या तोंडावर त्याला काळी फळं धरतात, त्यावर बुलबुल आणि कोकीळ ज्या पद्धतीने तुटून पडतात ते बघाच. आणि कुठे पक्ष्याने टाकलेल्या बीतून सिंगापूर चेरीचं रोप उगवलं तर उपटू नका, दोन वर्षांत फळं देतं.

तर्कट

चालेल. दोन आठवड्यांचं लक्षात ठेवण्यासारखं आहे.

डास_मारू_मामा

पाण्याचं कोणीच बोललं नाही अजून! उन्हाळ्यात खाण्याआधी पाणी. मातीची पसरट परळ घ्या, कुंडीखाली ठेवतात तसली, खोली दोन बोटं, मध्ये एक खडबडीत दगड म्हणजे शिंप्यालाही उतरता येतं. सावलीत ठेवा. आंघोळीचा कार्यक्रम दुपारी चारनंतर बघा, बुलबुल सगळं पाणी उडवतात, दयाळ आला की बाकीचे रांगेत थांबतात.

पण रोज ओतून टाकायचं आणि घासायचं. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या काठाला चिकटलेली राहतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणजे रोज घासलं तर प्रश्नच नाही. पावसाळ्यात महापालिकेची माणसं साठलेलं पाणी बघत फिरतात, तळमजल्याचं अंगण तर त्यांना आधी दिसतं. पाऊस सुरू झाला की परळ उलटी करून ठेवा सरळ, तेव्हा पक्ष्यांना पाण्याला तोटा नाही.

निमा_ठाकुर्ली

शेंगदाणे चालतात का? माझ्याकडे खूप उरलेत वरीच्या तांदळाबरोबरचे.

कंपोस्टकर

बिनमिठाचे, ताजे, भरडून घातले तर चालतात, पण सगळे खारी नेतील, पक्ष्यांना कूट मिळालं तर मिळालं. जून ते सप्टेंबर अजिबात नको, दमट हवेत दाण्याला बुरशी धरते आणि त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृतावर जातं. माणसाच्याही आणि पक्ष्याच्याही. वास आलेले, काळे पडलेले दाणे पक्ष्यांना घालू म्हणून बाजूला काढणारी माणसं बघितलीत मी, ते कचऱ्यात टाका.

डक्टवाली

ह्यावरून एक यादीच देऊन टाकते कारण आमच्या खालच्या मजल्यावर पक्ष्यांच्या नावाने घरातलं सगळं शिळंपाकं बाहेर जातं. शेव, फरसाण, चिवडा, खारे दाणे, वेफर्स हे सगळं मिठामुळे बंद. एवढ्याशा शरीराला एवढं मीठ बाहेर टाकता येत नाही. पाव-बिस्कीट विषारी नाही पण नुसतं पोट भरतं, पोसत काहीच नाही, पिल्लांच्या दिवसात तर नकोच. दूध नको, पक्ष्यांना पचत नाही. चॉकलेट, कांदा-लसूण, कच्चा राजमा आणि हल्ली सगळीकडे मिळायला लागलंय ते ॲव्होकाडो, हे पक्ष्यांना सरळ सरळ विषारी. बुरशी आलेली भाकरी पण नको, पक्षी आहे म्हणून काय झालं.

गिरगावचा_गण्या

म्हणजे चखना बंद. बिचारे.

शिवाजीपार्कचा_शिपाई

थोडं अवांतर पण विचारतोच, आमच्या पार्किंगमध्ये बुलबुलाचं पिल्लू पडलंय, वॉचमनने त्याला दूधपाव भरवायला घेतलाय. काय करू? लवकर सांगा.

पाणकावळा

आधी दूधपाव थांबवा, पाणीही चोचीत ओतू नका, श्वासनलिकेत जाऊन मरतं. पिसं आलीत का? आली असतील तर ते बहुतेक उडायला शिकतंय, बुलबुलाची पिल्लं नीट उडता यायच्या आधीच घरटं सोडतात. मांजर-गाडी लागणार नाही अशा जवळच्या कुंडीत-झुडपात ठेवा आणि लांब उभे राहा, आई-बाप येऊन भरवतील. माणसाचा हात लागला की आई टाकून देते हे खोटं आहे. उघडंनागडं असेल तर घरटं शोधून परत ठेवा. जखमी असेल तर वनखात्याची हेल्पलाइन १९२६, किंवा तुमच्या जवळ म्हणजे परळचं बैलघोडा हॉस्पिटल. घरी पाळायचं मात्र नाही, आपल्याकडचे जंगली पक्षी पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

शिवाजीपार्कचा_शिपाई

पिसं आहेत, शेपटी आखूड आहे. कुंडीत ठेवलं. मोठा बुलबुल आला तोंडात काहीतरी हिरवं घेऊन! वॉचमन खूश, दूधपाव स्वतः खाल्ला.

रानजाई

हुश्श. वाचताना जीव वर-खाली होत होता.

पाणकावळा काका, तुम्ही सुरुवातीला म्हणालात लाडवातून तूप आणि बाजरी काढल्यावर काय उरतं ते पुढे सांगतो. सासूबाई रोज विचारतायत.

पाणकावळा

हो, राहिलंच की. पूर्वी उत्तरेत लोक बुलबुल पाळायचे (आता नाही पाळायचे!) ते त्यांना सातू, म्हणजे भाजलेल्या चण्याचं पीठ, खायला घालायचे. आपल्याकडे डाळं मिळतं ना, भाजलेले सोललेले चणे, चिवड्यातलं, पण बिनमिठाचं घ्या. ते मिक्सरमधून बारीक करा. त्यात पूर्ण पिकलेलं, साल काळी पडलेलं केळं कुस्करा, हाताला न चिकटता गोळा वळेल इतपत. तूप नाही, गूळ नाही, मीठ नाही, दूध नाही. हवं तर वाफवलेले मोड आलेले मूग चुरडून थोडे. सुपारीएवढे गोळे करायचे, एक-दोनच बाहेर ठेवायचे, दोन तासांत उरलं ते कंपोस्टच्या बादलीत, जिथून दयाळाचं जेवण तयार होतं. बाकीचं पीठ कोरडं बरणीत ठेवा, केळं रोजच्या रोज कालवा.

ज्यांच्याकडे अंडं चालतं त्यांनी ह्यातच उकडलेल्या अंड्याचा बलक चुरडला तर विणीच्या दिवसात फार उपयोग होतो, पण मुंबईच्या उन्हात तो तासाभराच्या वर बाहेर ठेवू नये.

रानजाई

करून बघितलं! सासूबाईंनी एकसारखे सुबक वळले, वेलची घालू का विचारत होत्या, मी हात धरला. घाणेरीजवळच्या तारेच्या हुकात बसवले. पहिल्या दिवशी कोणी ढुंकून बघितलं नाही, सासूबाई हिरमुसल्या. मग साळुंक्यांना पत्ता लागला आणि त्यांनी भांडून भांडून संपवले, आता बुलबुल त्यांच्या आधी सकाळी सातला येऊन हजर असतात आणि तारेवरून आवाज देतात. कबुतर एकदाच आलं, हुकावर बसायचा प्रयत्न केला, फडफडलं आणि गेलं. पपईचा तुकडा वेगळ्या फांदीवर, तिथे तांबट. दयाळ गोळ्यांकडे बघतही नाही, बादलीचं झाकण वाजलं की येतो.

शिंपी काय खातो ते अजून कळलं नाही, पण कढीपत्त्यावरच्या अळ्या कमी झाल्यात.

चाळकरी_काका

अभिनंदन सूनबाईंचं आणि त्यांच्या सासूबाईंचंही. मी वेल्डमेश आणलीये, आमच्या गॅलरीत बसवतोय. वाटी जाळीपासून किती आत ठेवू?

पाणकावळा

चारही बाजूंनी वीतभर, काका. आणि कणी चिमूटभरच!

चाळकरी_काका

चिमूटभर म्हणजे माझी का तुमची?

मालवणी_मुनिया

काका, दसऱ्याला तुमच्यासाठी लोंब्यांची जुडी आणतंय दादरहून. चिमटीचा प्रश्नच मिटला.